मशीन की शस्त्रक्रिया? त्याआधी पोट नीट तपासून घ्या

पत्राचा गोषवारा: एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१, दोन मुलं, धाकटं नऊ वर्षांचं. गेल्या दोन वर्षांत चालणं आणि जेवणावर ताबा ठेवून त्यांनी वजन ७९ किलोवरून ६८ वर आणलं. आठ महिने काटा तिथेच आहे. उंची १६० सेंटिमीटर, कंबर ९२. हात, चेहरा उतरला, पोट मात्र सुटलेलंच. मध्यंतरी एका समारंभात कुणीतरी "कितवा महिना?" असं विचारलं, तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. "झोपून उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येतो, तो बघवत नाही," असं त्या लिहितात. रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ५.९ आला आहे, म्हणजे सीमारेषेवर. एका क्लिनिकने फॅट फ्रीझिंगच्या, म्हणजे मशीनने चरबी गारठवून मारण्याच्या, चार सिटिंगचं पॅकेज सुचवलंय, "काप नाही, त्यामुळे धोका नाही" असं सांगून. महिनाअखेरपर्यंत सवलतही आहे. दुसरीकडे एका सर्जनने लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, सुचवलं. नवरा म्हणतो, करायचंच तर मशीनने कर, चिरफाड नको. बहीण म्हणते, एकदाच काय ते करून मोकळी हो. ताई विचारतात: "दोन्हीतलं काय निवडू? आणि चरबी निघाली की शुगरही उतरेल ना?"

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: उठताना मधोमध येणारा उभा उंचवटा. चरबी असा उंचवटा करत नाही. गरोदरपणात पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीपासून ताणून बाजूला सरकतात. बऱ्याच जणींचे ते नंतर जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मग उठताना, खोकताना आतल्या दाबाने मधली सैल पट्टी पुढे येते. वजन घटवूनही सहा महिन्यांची गरोदर असल्यासारखं पोट दिसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. तुमचं तेच आहे असं मी इथे बसून ठामपणे म्हणू शकत नाही, पण तसं असेल तर मशीन की शस्त्रक्रिया हा तुमचा प्रश्नच बदलतो. कारण फॅट फ्रीझिंग असो वा लायपोसक्शन, दोन्ही फक्त चरबी काढतात. उसवलेल्या पिशवीतून थोडं सामान कमी केलं तरी शिवण काही जुळत नाही.

घरी एक चाचणी करून बघा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावलं जमिनीवर टेका. एका हाताची बोटं आडवी बेंबीच्या थोडी वर, मधल्या रेषेवर ठेवा आणि डोकं व खांदे जरासे उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू घट्ट झालेले जाणवतील. त्यांच्या मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटं सहज बसत असतील तर शंका घ्यायला जागा आहे. बेंबीखालीही तसंच पाहा. मग फिजिओथेरपिस्टकडे किंवा सोनोग्राफीने खात्री करून घ्या. त्याच सोनोग्राफीत हर्निया नाही ना, हेही पाहायला सांगा. हे मी आवर्जून सांगते आहे, कारण पोटाच्या भिंतीत हर्निया असेल तर लायपोसक्शनची नळी आतड्याला इजा करू शकते, आणि त्या जागी फ्रीझिंगचं मशीनही लावू नये. तुम्हाला भेटलेल्या दोघांपैकी कुणी तुम्हाला झोपवून पोट तपासल्याचं तुमच्या पत्रात नाही. तपासलं नसेल, तर त्या दोन्ही सल्ल्यांना मी सध्या सल्ला मानणार नाही.

आता चरबीकडे येऊ. पोटावरची सगळी चरबी एका जागी नसते. कातडीखालचा थर चिमटीत धरता येतो. दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीमागे, यकृत आणि आतड्यांभोवती असते. ती चिमटीत येत नाही, उलट तिच्यामुळे पोट टणक, तंबोऱ्यासारखं लागतं. शुगर, रक्तदाब, फॅटी लिव्हर यांच्याशी जास्त जवळचं नातं या आतल्या चरबीचं. आणि जगातलं कुठलंही मशीन किंवा लायपोसक्शनची कुठलीही नळी तिथे पोचत नाही, पोचूही नये.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते: नाही, शुगर उतरणार नाही. हे कुणी अंदाजाने म्हणत नाही. २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून लायपोसक्शनने प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी काढण्यात आली आणि अडीच-तीन महिन्यांनी त्यांच्या तपासण्या झाल्या. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली चरबी, कशातच सुधारणा नव्हती. तेवढंच वजन खाणं आणि हालचाल बदलून घटलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं.

आणि इथे तुम्ही स्वतःवर अन्याय करता आहात, असं मला मनापासून वाटतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, शुगर सीमारेषेवर असलेल्या लोकांना दोन उद्दिष्टं दिली होती: वजन सात टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुम्ही ७९ चे ६८ केले, म्हणजे जवळपास चौदा टक्के. आठ महिने ते टिकवलंही. पोट दिसतं म्हणून तुम्ही या सगळ्याला अपयश म्हणता आहात. शुगरच्या दृष्टीने करायला हवं ते तुम्ही करताच आहात. पुढची पायरी हवी असेल तर चालण्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनांचे व्यायाम जोडा, आणि एचबीएवनसी किती महिन्यांनी पुन्हा करायचं ते डॉक्टरांना विचारा. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी असा एक सोपा निकष आहे, तुमच्या बाबतीत ८० सेंटिमीटर. मात्र स्नायूंमध्ये फट असेल तर टेप जास्तच आकडा दाखवेल. तेव्हा त्या ९२ ला एकट्याला फार महत्त्व देऊ नका.

तरीही समजा, सोनोग्राफीत स्नायू ठीक निघाले आणि पोटावर चिमटीत येणारा चरबीचा थर आहे असं दिसलं. तर तुमच्यापुढचे दोन पर्याय खरेच पर्याय होतात. दोन्हींबद्दल जे नीट सांगितलं जात नाही ते सांगते.

फॅट फ्रीझिंगची कल्पना खोटी नाही. बर्फाच्या कांड्या चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातल्या चरबीला त्या जागी थंडीने इजा होते, हे डॉक्टरांनी १९७० मध्येच नोंदवलं होतं. चरबीच्या पेशी कातडीपेक्षा थंडीला लवकर बळी पडतात. त्यावरूनच पुढे हार्वर्डशी जोडलेल्या संशोधकांनी हे तंत्र बसवलं, आणि २०१० पासून अमेरिकेत कंबरेच्या बाजूंवर ते वापरायला परवानगी मिळाली, पोटासाठी त्यानंतर. मशीनचा कप कातडीची घडी आत ओढून घेतो, अर्धा-पाऊण तास गारठवतो. मेलेल्या पेशी शरीर दोन-तीन महिन्यांत हळूहळू साफ करतं. त्या जागचा थर साधारण २० ते २५ टक्क्यांनी पातळ होतो. म्हणजे तीन सेंटिमीटर जाडीचा थर असेल तर तो सव्वादोनपर्यंत येईल. कंबरेवर बाजूला मुठीएवढा गोळा असलेल्या सडपातळ माणसाला एवढा फरक पुरतो. "कितवा महिना" या प्रश्नावर उपाय शोधणाऱ्या तुम्हाला तो पुरेल असं मला वाटत नाही, आणि पैसे भरायच्या आधी हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

"काप नाही म्हणजे धोका नाही" हे वाक्य तर मला अजिबात पटत नाही. बहुतेकांना फक्त लाली, सूज, काही आठवडे बधिरपणा एवढंच होतं, हे खरं. पण काही जणांत उलटं घडतं: गारठवलेल्या जागची चरबी कमी न होता काही महिन्यांत वाढते, कडक होते, आणि अनेकदा कपाच्याच आकाराचा गोळा वर येतो. २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात याची पहिली नोंद झाली. तो गोळा आपणहून जात नाही. काढायचा तर शेवटी लायपोसक्शन किंवा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणजे जी टाळण्यासाठी मशीन निवडलं तीच. मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ साली आपल्याबाबत हेच घडल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा जगाला याची माहिती झाली. हे दुर्मिळ आहे. उत्पादकाने सुरुवातीला चार हजारांत एक असा अंदाज दिला होता, नंतर अनेक डॉक्टरांना ते त्याहून जास्त वेळा दिसलं. दुर्मिळ असलं तरी संमतीपत्रावर सही करण्याआधी तुमच्या कानावर पडलंच पाहिजे. आणि थंडीने बोटं निळी पडणं, अंगावर गांधी उठणं किंवा थंडीत रक्तातल्या पेशी फुटण्याचा आजार असा काही इतिहास असेल तर ते आधी सांगा. यातल्या काही आजारांत हा उपचार करायचाच नसतो.

लेझर, रेडिओ लहरी, अल्ट्रासाउंड ही उष्णतेने चरबीच्या पेशी मारणारी मशीनं आहेत. त्यांचा परिणामही याच तोलाचा, मर्यादाही तशाच, वर भाजण्याचा धोका. त्यावर अधिक काही सांगण्यासारखं नाही.

लायपोसक्शनमध्ये फरक जास्त दिसतो, हे मान्य करायलाच हवं. १९८०च्या दशकात जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने सलाइनमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळून चरबीत सोडण्याची पद्धत आणली. त्यामुळे रक्तस्राव खूपच घटला आणि ही शस्त्रक्रिया आधीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाली. एकदाच करायची, आकार सर्जनच्या हातात, परिणाम ठळक. पण ती शस्त्रक्रियाच आहे. अनेक आठवडे घट्ट दाब देणारा पोशाख घालावा लागतो. काही दिवसांत हलकी कामं जमतात, जोराचा व्यायाम मात्र कित्येक आठवडे बंद. सूज उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. कातडीखाली पाणी साठणं, पृष्ठभाग ओबडधोबड होणं, बधिरपणा राहणं, जंतुसंसर्ग हे होऊ शकतं. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा क्वचितचा पण जीवघेणा धोका आहे, म्हणूनच लवकर चालायला लावतात. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर ते दिवसाभरात घरी सोडणाऱ्या ठिकाणी करू नये, रुग्णालयात रात्रभर लक्ष ठेवण्याची सोय असावी.

आणखी एक. दोन बाळंतपणं आणि अकरा किलो घट यांमुळे तुमची कातडी सैल झाली असेल, तर आतली चरबी काढल्यावर ती आणखी लोंबेल. घडी चिमटीत धरून सोडा. ती पटकन मागे जात नसेल आणि त्यावर स्ट्रेच मार्क दाट असतील, तर प्रामाणिक सर्जन नुसतं लायपोसक्शन सुचवणार नाही. सैल कातडी कापून काढणं आणि फाकलेले स्नायू शिवून जवळ आणणं ही वेगळी शस्त्रक्रिया आहे, जिला सगळे टमी टक म्हणतात. मोठी शस्त्रक्रिया, खालच्या पोटावर या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण, आणि विश्रांती आठवड्यांत मोजायची. आणखी मूल हवं असेल तर ती आत्ता करायची नाही. मी ती तुम्हाला सुचवत नाही. पण तुमचं दुखणं स्नायू आणि कातडीचं निघालं तर त्यावर थेट उपाय करणारी शस्त्रक्रिया तीच आहे. बाकी दोन्हींचे पैसे भरून पुन्हा तिथेच यावं लागू नये, म्हणून हे लिहिलं.

शस्त्रक्रियेच्या आधी फिजिओथेरपी मात्र मी नक्की सुचवेन. श्वास सोडत आतले खोल स्नायू ओढून धरण्याचे व्यायाम नीट शिकून काही महिने केले तर फट पूर्ण मिटली नाही तरी पोटाला आधार येतो. उंचवटा वर येईल असे झोपून उठण्याचे व्यायाम (सिट-अप्स) तोवर टाळा. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठा. कंबर दुखते का, शिंकताना लघवी निसटते का, हेही फिजिओला न लाजता सांगा. याच दुखण्याच्या सोबतीने या तक्रारी येऊ शकतात, आणि बायका वर्षानुवर्षं त्या अंगावर काढतात.

बहिणीचं "एकदाच काय ते" हे प्रेमापोटी आहे, पण शरीर तसं वागत नाही. काढलेल्या पेशी परत येत नाहीत हे मोठ्या अर्थाने खरं असलं, तरी उरलेल्या पेशी फुगतात. २०११ मध्ये कोलोरॅडोच्या संशोधकांनी पाहिलं की लायपोसक्शननंतर वर्षभरात शरीरातली एकूण चरबी पूर्ववत झाली, आणि मांड्यांवरून काढलेली चरबी पोटाकडे सरकली. २०१२ मध्ये ब्राझीलमधल्या एका अभ्यासात पोटाच्या लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांत आतली घातक चरबी सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेली दिसली. व्यायाम करणाऱ्यांत ती वाढली नाही. तुमचं चालणं दोन्ही वाटांवर सुरूच राहणार आहे.

नवऱ्याला तुमची काळजी आहे, आणि त्यांची भीती मशीनमुळे मिटत असेल तर त्यांना वरचा मशीनबद्दलचा मजकूर वाचायला द्या. पण या पोटात काय करायचं आणि काहीच करायचं की नाही, हे तुमच्याकडेच राहू द्या. कोणत्याही प्रक्रियेला नकार देणं हाही पुरता सन्मान्य निर्णय आहे. तसंच, स्वतःला बरं वाटावं म्हणून शस्त्रक्रिया करून घेणं यात लाजण्यासारखं काही नाही. मला फक्त त्या समारंभातल्या प्रश्नाची चिंता वाटते. ज्या बाईने तो विचारला तिचं तोंड बंद करण्यासाठी तुम्ही ऑपरेशन टेबलवर चढू नये. सकाळपासून रात्रीपर्यंत पोटाचाच विचार येत असेल, लोकांत जाणं टाळत असाल, फोटोतून मागे सरत असाल, तर प्रक्रियेच्या आधी एखाद्या समुपदेशकाशी बोला. अशा मनःस्थितीत केलेली उत्तम शस्त्रक्रियासुद्धा समाधान देत नाही, असा अनुभव सर्जन स्वतः सांगतात.

याच पेचात असलेल्या इतरांसाठीही थोडं. पोट टणक असलेल्या पुरुषांनी दोन्ही पर्याय विसरून आधी वजन, रक्तदाब आणि यकृत तपासून घ्यावं. तिथे कातडीखाली काढण्यासारखं फारसं नसतंच. वजनच खूप जास्त असेल तर चरबी काढणाऱ्या प्रक्रिया तुमच्यासाठी नाहीत. खाणं-व्यायाम, डॉक्टरांनी सुचवलेली भूक कमी करणारी औषधं, प्रसंगी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, हे तिथले मार्ग आहेत. हनुवटीखालच्या गोळ्यासाठी डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही फक्त त्याच जागेसाठी. "चरबी विरघळवणारी" म्हणून पोटात, दंडात टोचली जाणारी इतर मिश्रणं घेऊ नका. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२३ मध्ये व्रण, गंभीर संसर्ग आणि गाठी झाल्याचं सांगून त्यांच्याविरुद्ध इशारा दिला आहे. आणि दोन्ही पाय सारखे, दुखरे, हात लावला की काळेनिळे पडणारे जाड झाले असतील, पावलं मात्र बारीक असतील, तर तो लिपेडेमा, म्हणजे पायांत चरबी वेड्यावाकड्या प्रमाणात साठण्याचा आजार, असू शकतो. त्याचं निदान झाल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका.

ताई, सर्जनकडे पुन्हा गेलात तर विचारा: माझ्या पोटात चरबी किती, सैल कातडी किती, स्नायूंची फट किती? तुम्ही प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण घेतलं आहे का? भूल कोण देणार आणि ते शेवटपर्यंत हजर राहणार का? काही बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात नेणार? परिणाम मनासारखा आला नाही तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा? माझ्यासारख्या, दोन बाळंतपणं झालेल्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवा, सारख्याच उजेडात आणि सारख्याच पवित्र्यात काढलेले, किमान सहा महिन्यांनंतरचे. रक्त पातळ करणारी औषधं, हार्मोनच्या गोळ्या, तंबाखू, पूर्वी गुठळी झाली असल्यास ते, सगळं स्वतःहून सांगा. मशीनवाल्यांना विचारा: चरबी उलट वाढली तर तुम्ही काय करणार, आणि ते लेखी द्याल का? या प्रश्नांनी जो वैतागेल त्याच्याकडे जाऊ नका.

क्लिनिकचं पॅकेज या महिन्यात घेऊ नका. सवलत गेली तर जाऊ द्या. तुमचं वजन आठ महिने स्थिर आहे, तेव्हा आणखी काही आठवड्यांनी तुमचं वैद्यकीय नुकसान काही होत नाही. या आठवड्यात फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या, डॉक्टरांकडून पोटाच्या भिंतीच्या सोनोग्राफीची चिठ्ठी घ्या, आणि जाताना बहिणीला सोबत न्या. तिथे जे सांगितलं जाईल ते दोघींनी ऐकलेलं बरं. अहवाल आला की मला कळवा.